दहापैकी किती

कारखान्याच्या गेटवर चौतीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केलेला माणूस रिटायर होऊन घरी बसला, तरी त्याची हजेरी घ्यायची खोड जात नाही. दूध किती वाजता आलं, नळाला पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, समोरच्यांची गाडी सकाळी किती वाजता सुरू झाली, सगळं खिशातल्या छोट्या वहीत उतरायचं. कॉलनीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. टाइमकीपर म्हटलं की पुरे. बायको म्हणायची, "गेट सुटलं, पण गेटवरचा माणूस काही सुटला नाही." आल्यागेल्याला ती हमखास सांगायची की लग्नाच्या दिवशीसुद्धा हे दीड तास आधी येऊन उभे होते, आणि माझ्या मामाला किती मिनिटं उशीर झाला ते यांना अजून पाठ आहे.

ती स्वतः अठ्ठावीस वर्षं घरात पाळणाघर चालवत होती. पुढच्या खोलीत सतरंजी, तिच्यावर दहाबारा पोरं, आणि मधोमध ही. सगळी पोरं तिला काकू म्हणायची, पोरांच्या आया काकू म्हणायच्या, पुढे पुढे भाजीवालाही काकूच म्हणायला लागला. संध्याकाळी मुलांना न्यायला बायका यायच्या त्यांच्या जिना चढण्याच्या आवाजावरून तिला कळायचं, आज कुणाचा दिवस कसा गेला. एखादीची पावलं फार जड वाजली की ती पोराला लगेच देत नसे. आधी पाणी द्यायची, खुर्ची द्यायची आणि म्हणायची, "पाच मिनिटं बस. पोर कुठं पळून जात नाही."

या काकूंच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी टाइमकीपरना बाजूला घेऊन सांगितलं की आता दुखणं बरं होण्यातलं नाही. पण दुखू न देणं आपल्या हातात आहे, तेवढं आपण नक्की करू. टाइमकीपरनी हे शब्द पक्के धरून ठेवले. बाकी सगळं हातचं गेलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की तिला दुखू नये.

त्यासाठीच काकूंना हॉस्पिटलात ठेवलं. दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची सात नंबरची कॉट. टाइमकीपर सकाळी सातला डबा घेऊन हजर व्हायचे आणि कॉटशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसायचे. रात्री त्यांची धाकटी मेहुणी यायची.

त्या वॉर्डात दिवसपाळीला दोघी सिस्टर होत्या. एक मोठ्या सिस्टर, वॉर्डाच्या इनचार्ज, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेल्या. अंगाने भारदस्त, चालणं सावकाश, पण पेशंटच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं की ताप किती हे थर्मामीटर लावायच्या आधी सांगणाऱ्या. दुसऱ्या धाकट्या सिस्टर, तिशीच्या आतबाहेरच्या, काटक आणि सतत धावणाऱ्या. त्यांची अडीच वर्षांची मुलगी पाळणाघरात असायची. ड्यूटी साडेतीनला सुटायची आणि पाळणाघर साडेचारला बंद व्हायचं. मध्ये दोन बस बदलायच्या. हे सगळं काकूंनी पहिल्या दोन दिवसांतच काढून घेतलं होतं.

हॉस्पिटलात तेव्हा नवीन मोबाइल आले होते. पूर्वी प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी कागद अडकवलेला असायचा, त्यावर सिस्टर ताप, नाडी, औषध लिहायच्या. आता प्रत्येक सिस्टरला एक मोबाइल मिळाला होता आणि त्यात ॲप होतं. जे बघायचं ते त्यात भरायचं. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसूनसुद्धा ते बघू शकत आणि त्यावरून औषध कमीजास्त करत. त्यातच एक प्रश्न दुखण्याचा होता. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. दहापैकी किती, हे पेशंटने सांगायचं आणि सिस्टरने तो आकडा दाबायचा.

या ॲपबद्दल सिस्टर मंडळींत काय काय बोललं जातं, ते पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरताना टाइमकीपरच्या कानावर पडायचं, कारण त्यांच्या बसायच्या खोलीचं दार तिथेच होतं. कुणी म्हणे, बरंच झालं, डॉक्टरांचं कोंबडीच्या पायाचं अक्षर वाचायची कटकट संपली. कुणी म्हणे, कसली संपली, रजिस्टर कुठं बंद केलंय, म्हणजे एकच भांडं दोनदा घासायचं. अकरा नंबरच्या कोपऱ्यात नेट जातं, तेव्हा फोन खिडकीबाहेर धरून उभं राहावं लागतं, रस्त्यावरच्या लोकांना वाटतं ही बाई कुणाला खुणा करतेय. सगळ्यांत जास्त बोचायचे ते नातेवाइकांचे टोमणे. हातात मोबाइल दिसला की कुणीतरी म्हणायचंच, "झालं का सिस्टर गप्पा मारून?" धाकट्या सिस्टरनी तर फोनच्या पाठीला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर 'ड्यूटीचा फोन' असं लिहून ठेवलं होतं. तरी टोमणे थांबले नव्हते. पट्टी वाचायला कोण जवळ येतंय?

मोठ्या सिस्टरनी ॲपशी सरळ असहकार पुकारला होता. त्या डाव्या तळहातावर बॉलपेनने आकडे लिहीत आणि तळहात दाखवून म्हणत, "हे माझं ॲप. चार्जिंग लागत नाही, नेट लागत नाही आणि पेशंटवरची नजर हलत नाही." त्यांच्या वाटचं भरायचं कामही मग धाकटीवर यायचं. बारा कॉट आणि दोघींचं भरणं. धाकटी नाही म्हणत नसे. फक्त एक बारीक उसासा टाकायची आणि अंगठा चालवायला लागायची.

टाइमकीपरचं मत मोठ्या सिस्टरच्या बाजूचं होतं, हे सांगायला नकोच. पण मत तोंडावर सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गेटवर चौतीस वर्षांत त्यांनी उशिरा येणाऱ्याला कधी एक शब्द ऐकवला नव्हता. लिहायचं आणि वर पाठवायचं, पुढचं वरचे बघतील, ही त्यांची रीत. तीच त्यांनी इथे चालू ठेवली.

काकूंचं दुखणं वाढत होतं हे त्यांना दिसत होतं. ती ओरडणारी बाई नव्हतीच. दुखायला लागलं की भिंतीकडे तोंड करायची, उशीचं टोक दातांत धरायची आणि डाव्या पायाची बोटं आखडून घ्यायची. एक्केचाळीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय सांगावं लागतं? टाइमकीपर विचारायचे, "अगं, दुखतंय का?" ती म्हणायची, "बरंय. तुम्ही डबा खाऊन घ्या." मग टाइमकीपर मान वर करून बघायचे, तर धाकट्या सिस्टर दोन कॉट पलीकडे उभ्या, मान खाली, मोबाइलमध्ये. इकडे माझं माणूस तळमळतंय आणि या बाई फोनमध्ये डोकं घालून उभ्या, असं त्यांच्या मनात यायचं. ते वही काढायचे आणि लिहायचे. १०.१२, मोबाइल, चार मिनिटं. १०.४०, ही भिंतीकडे तोंड करून, उशी दातांत. १०.४३, सिस्टर मोबाइलमध्येच.

अकरा दिवस लिहिलं. बाराव्या दिवशी त्यांनी त्यातल्या सगळ्या 'मोबाइल'च्या नोंदी एका कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात उतरवल्या, खाली 'योग्य ती कारवाई व्हावी' असं लिहिलं, सही केली आणि तो कागद मेट्रनच्या टेबलावर ठेवून आले. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला मेट्रनने बोलावलं. टाइमकीपर दहा मिनिटं आधी जाऊन बाहेरच्या बाकावर बसले. आत गेले तेव्हा दोघी सिस्टर उभ्या होत्या. धाकटीचे डोळे लाल झालेले दिसत होते. मेट्रन कोरड्या आवाजाची बाई, पण तिने टाइमकीपरना आधी खुर्ची दिली. मग तो कागद समोर ठेवून म्हणाली की तक्रार गंभीर आहे, खरी ठरली तर सिस्टरच्या फाइलमध्ये जाईल, त्यामुळे आपण एकेक वेळ तपासून बघू. टाइमकीपरना हे फार आवडलं. असंच व्हायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

मेट्रनने आपल्या मोबाइलवर सात नंबरची कॉट उघडली आणि वाचायला लागली. कागदावर दहा बारा, ॲपमध्ये दहा तेरा, सात नंबर, ताप नाही, नाडी एवढी, दुखणं तीन. कागदावर अकरा पाच, ॲपमध्ये अकरा सहा, आठ नंबरला सलाईन बदललं. कागदावर बारा वीस, ॲपमध्ये बारा वीस, सात नंबर, औषध दिलं, दुखणं तीन. टाइमकीपरनी पकडलेलं एकही मिनिट गप्पांचं निघालं नाही. जेव्हा जेव्हा त्या पोरीने मोबाइल काढला होता, तेव्हा तेव्हा ती कुणा ना कुणा पेशंटचं काहीतरी लिहीत होती. त्यातल्या निम्म्या वेळा तर त्यांच्याच बायकोचं.

टाइमकीपरचे कान गरम झाले. पण घेतलेला खोटा आळ रेटत बसणारा माणूस नव्हता तो. त्यांनी सरळ सांगितलं की माझी चूक झाली, तो कागद फाडून टाका. मेट्रनने कागद फाडायला हातात घेतलाही होता. आणि एवढ्यावर गोष्ट मिटली असती. पण बोलता बोलता टाइमकीपरच्या तोंडून निघून गेलं, की सगळं ठीक, पण ते तीन तेवढं मला काही समजलं नाही.

"काय समजलं नाही?" मोठ्या सिस्टरनी विचारलं.

टाइमकीपरनी खिशातून मूळ वही काढून त्यांच्या हातात दिली. कागदावर त्यांनी फक्त मोबाइलच्या वेळा उतरवल्या होत्या, वहीत मात्र सगळं होतं. मोठ्या सिस्टर चष्मा वर करून वाचायला लागल्या. दहा चाळीस, उशी दातांत. बारा तीस, पायाची बोटं आखडली, दहा मिनिटं. दोन पाच, डोळ्यांत पाणी, विचारलं तर म्हणाली झोप येतेय. वाचता वाचता त्या पानं मागे मागे उलटत गेल्या. मग त्यांनी मेट्रनचा मोबाइल ओढून घेतला, ज्याला त्या एरवी बोटही लावत नसत, आणि म्हणाल्या, "अकरा दिवसांचे आकडे दाखवा मला हिचे."

पहिल्या दिवशी सात. मग तीन. तीन. तीन. एकदा दोन. तीन.

"मला दिसत होतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "हिला फार दुखतंय हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मला वाटलं तसं लिहिलं जातच असेल. मी उघडून बघितलंच नाही." मग त्या टाइमकीपरकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण त्यातली धार टाइमकीपरना पुरती लागली. "आणि काका, तुम्ही हे एवढं सगळं लिहिलंत. आमच्यापैकी एकीला तरी तोंडाने सांगितलंत का?"

टाइमकीपरनी सांगितलं नव्हतं. लिहिलं की सांगितलं, असंच ते आयुष्यभर धरून चालले होते.

धाकटी सिस्टर त्या खोलीत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, मी रोज विचारते, पहिला दिवस सोडला तर त्या रोज तीन म्हणतात, हसून म्हणतात. मी तीन दाबते आणि पुढे जाते. वर डॉक्टर तीन बघतात आणि औषध आहे तेवढंच ठेवतात. मग हळूच म्हणाली, "मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी त्या तीनकडे बघत होते."

मेट्रन उठलीच. तिने कागद फाडून टोपलीत टाकला आणि म्हणाली, इथे बसून काय होणार, चला वॉर्डात.

चौघं एकदम कॉटपाशी आलेली बघून काकूंनी आधी डोक्याखालची उशी नीट केली. मोठ्या सिस्टर कॉटच्या कडेवर बसल्या आणि काकूंचा हात हातात घेऊन विचारायला लागल्या. काकू म्हणाल्या, मला काय धाड भरलीय, बरंय माझं. धाकटीने मोबाइल काढला. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "तीन लिही, पोरी."

टाइमकीपरना राहवलं नाही. ते म्हणाले की अगं, खोटं कशाला बोलतेस, काल दोन वाजून पाच मिनिटांनी तुझ्या डोळ्यांत पाणी होतं.

काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की टाइमकीपरनी नजर खाली घातली. "म्हणजे इथंही माझी हजेरी लावताय?"

"लावतोय," टाइमकीपर म्हणाले. "आणि तू अकरा दिवस गैरहजर आहेस."

काकूंना हसू आलं. हसल्यावर पोटात कळ आली, आणि या वेळी ती लपवता आली नाही, कारण चार माणसं तिच्याकडे बघत होती. कळ ओसरेपर्यंत मोठ्या सिस्टर हात धरून बसल्या. मग काकू बोलल्या, आणि जे बोलल्या ते ऐकून सगळेच गार झाले.

दुसऱ्या दिवशीच त्यांच्या लक्षात आलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी खरं तेच सांगितलं होतं, सात. तर सात म्हटल्याबरोबर त्या मोबाइलमध्ये आणखी प्रश्न उघडले होते. कुठे दुखतंय, कसं दुखतंय, कधीपासून, हलल्यावर वाढतं का. पोरीने सगळं भरलं, डॉक्टरांना फोन केला, औषध दिलं. आणि मग अर्ध्या तासाने तिला परत येऊन विचारावं लागलं, परत भरावं लागलं. तोवर साडेतीन वाजून गेले होते. पर्स खांद्याला अडकवून पोरगी सात नंबरपाशी उभी होती आणि घड्याळाकडे बघत होती. आदल्या वेळी विचारून झाल्यावर तिने उसासा टाकला होता, तोही काकूंनी ऐकला होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या बाईने चार सांगितलं, तर एकही जादा प्रश्न आला नाही. चारपर्यंत जादा प्रश्न येत नाहीत, हा हिशेब काकूंनी पडल्या पडल्या काढला होता.

"साडेचारला पाळणाघर बंद होतं हिचं," काकू म्हणाल्या. "पोर दाराकडे तोंड करून बसतं गं तेव्हा. बाकीची सगळी गेलेली असतात. खेळणी भरून ठेवलेली असतात. मी अठ्ठावीस वर्षं बघितलंय ते. माझ्या एका आकड्यापायी त्या लेकराने कशाला वाट बघायची?"

वॉर्डात बाकी आवाज चालूच होते. कुणाचा तरी फोन वाजत होता, मावशी बादली सरकवत होती. धाकट्या सिस्टरनी मोबाइल खिशात घातला, खाली वाकून काकूंच्या पावलांपाशी चादरीत तोंड लपवलं. काकू म्हणत होत्या, अगं ऊठ, कपड्यांना डाग लागतील.

मोठ्या सिस्टर उठल्या. म्हणाल्या, हे बघा, आजपासून सात नंबरची अर्ध्या तासाची तपासणी मी करणार, मी साडेपाचपर्यंत असते, माझं कुणी लहान घरी वाट बघत नाही. मेट्रन म्हणाली, ती तपासणी ॲपमध्येच भरावी लागते, तळहातावर नाही चालणार. मोठ्या सिस्टर धाकटीच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "ऊठ. शिकव मला ते तुझं खेळणं."

शिकवणं काही सोपं नव्हतं. मोठ्या सिस्टर काचेवर बोट असं दाबायच्या, जणू दाराची बेल वाजवतायत आणि आत कुणी बहिरं राहतंय. तीनच्या जागी आठ दाबला जायचा, मागे जायचं तर बाहेरच पडायचं. धाकटी सांगायची, नुसतं टेकवा हो मॅडम, ढकलू नका. काकू कॉटवरून बघायच्या आणि म्हणायच्या की माझ्याकडची पोरं याहून लवकर शिकायची. मोठ्या सिस्टर चिडायच्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांना सगळं जमायला लागलं आणि त्यांनी आपण होऊन कबूल केलं की औषध बदललेलं पाच मिनिटांत कळतं हे बरं आहे, पूर्वी चिठ्ठी वरून खाली यायला तासभर जायचा. पण तळहातावर लिहायचं काही त्यांनी सोडलं नाही. आधी हातावर, मग काचेवर. मेट्रनला सांगितलं, हे माझं दोनदा भांडं घासणं, मला चालतं.

मेट्रन वॉर्डात आली त्याच दिवशी काकूंनी खरा आकडा सांगितला, आठ. संध्याकाळच्या आत डॉक्टर येऊन गेले. औषध बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं वाढवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू टाइमकीपरना म्हणाल्या, अहो, भूक लागलीय. टाइमकीपर डबा उघडायला गेले तर झाकण निघेना. शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या लेकीने उघडून दिला.

तिथून पुढचे एकोणीस दिवस. त्या दिवसांबद्दल टाइमकीपर कुणाला फार सांगत नाहीत, पण आठवतात त्यांना सगळे. काकू उठून बसायच्या. खिडकीतून खालचा रिक्षा स्टँड दिसायचा, त्यातला कुठला रिक्षावाला कुणाशी भांडतो हे त्यांनी टाइमकीपरना दाखवून दिलं. पाळणाघरातली मोठी झालेली पोरं भेटायला आली, त्यातला एक दाढीमिशीवाला इंजिनिअर, त्याला काकूंनी वॉर्डात सगळ्यांदेखत विचारलं, "अजून अंगठा चोखतोस का रे?" धाकट्या सिस्टर आता विचारताना स्टूल ओढून बसायच्या आणि मोबाइल काकूंना दिसेल असा धरायच्या. दोघी मिळून भरायच्या. प्रश्न तेच होते, वेळही तेवढाच लागायचा. पण मधूनमधून काकू मुलीचं विचारायच्या, झोपते का, भात खाते का, आणि पोरगी अंगठा चालवता चालवता उत्तरं द्यायची. साडेतीन वाजले की मोठ्या सिस्टर तिला वॉर्डाबाहेर ढकलत न्यायच्या, की जा बाई, बस चुकेल.

आणि टाइमकीपर बोलायला शिकले. सुरुवातीला त्यांना जड गेलं. दुखताना दिसलं की हात आधी खिशाकडेच जायचा. मग उठायचे, सिस्टरांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहायचे आणि सांगायचे की सिस्टर, हिने आत्ता उशी धरली. पहिल्या दिवशी ते एवढ्या हळू बोलले की धाकटीला तीनदा विचारावं लागलं. पण ती लगेच आली. दर वेळी लगेच आली. जिच्याविरुद्ध आपण सही करून कागद दिला होता, तिच्या मनात त्याची एवढीसुद्धा अढी नाही, हे बघून त्यांना लाज वाटायची. एकदा त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, काका, तुम्ही तो कागद दिला नसता तर मी अजून तीनच दाबत असते.

पंधराव्या दिवशीची गोष्ट. टाइमकीपर बाटली भरून परत येत होते. वॉर्डाच्या दारात असताना त्यांना काकूंचा आवाज आला. कुणी विचारलं नव्हतं. धाकट्या सिस्टर दोन कॉट पलीकडे कुणाचं तरी सलाईन बघत होत्या, पाठमोऱ्या. काकूंनी आपण होऊन हाक मारली.

"पोरी, आठ झालंय गं. ये जरा."

टाइमकीपर दारातच थांबले. एक्केचाळीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. तापात फणफणली तरी पाण्याचा पेला उठून स्वतः घ्यायची. दुखतंय हे सांगायला, ये जरा म्हणायला तिला एवढं आयुष्य लागलं, आणि ते तिच्याकडून करवून घेतलं ते या दोघींनी. पोरगी सलाईन सोडून आली, औषध दिलं, मोठ्या सिस्टर अर्ध्या तासाने आल्या. तोवर आकडा दोनवर उतरला होता. काकू झोपल्या. दुखत असताना डोळे मिटून पडायच्या ते निराळं. ही झोप खरी होती, तोंड किंचित उघडं, घोरणंही जरासं. टाइमकीपर स्टुलावर बसून ते घोरणं ऐकत राहिले. एरवी याच घोरण्यावरून त्यांनी घरात किती वेळा कुरकुर केली होती.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी, अशाच झोपेत काकू गेल्या. मेहुणी शेजारी होती. तिने सांगितलं की काही कळलंसुद्धा नाही, श्वास हळू हळू होत गेला.

महिन्याभराने टाइमकीपर हॉस्पिटलात गेले. तसं काही काम नव्हतं. आभार मानायचे होते, त्या धावपळीत राहून गेलं होतं. रस्ताभर त्यांनी दोन वाक्यं मनाशी जुळवली. वॉर्डात धाकट्या सिस्टर नव्हत्या, त्यांची त्या दिवशी सुट्टी होती, मुलीला बरं नव्हतं. सात नंबरवर आता दुसरीच कुणी बाई होती, त्यांनी तिकडे फार वेळ बघितलं नाही. मोठ्या सिस्टर तीन नंबरपाशी बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, एका हातात मोबाइल, दुसरा हात पेशंटच्या मनगटावर. टाइमकीपरना बघून त्यांनी थांबा अशी खूण केली. पेशंटला काहीतरी विचारलं, उत्तर येईपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, मग काचेवर बोट अलगद टेकवलं आणि उठून आल्या.

टाइमकीपरना जुळवलेली दोन्ही वाक्यं आठवेनात. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत ते उभे राहिले. शेवटी म्हणाले, "सिस्टर, शेवटी तिला दुखलं नाही."

"माहीत आहे मला, काका," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मीच लिहिलंय ते."